हमदमचा प्याला

हमदमच्या पत्राला मी उत्तर दिलं नाही. उत्तर द्यायला अवघड असं त्यात काही नव्हतं, निदान लिहिणाऱ्याला तसं वाटलं असणार. शाळेच्या वहीतला चौकटीचा कागद आणि त्यावर हमदमचं ते ओबडधोबड, एका बाजूला कलंडणारं अक्षर. ‘इनोयत, मार्गिलानला मुलाकडे नीट पोचलो. इथलं पाणी जड आहे, चहाला रंग येत नाही. तुला एकच विचारायचंय. त्या दिवशी तुझा हात चुकला, की तू प्याला भरलास? जे असेल ते लिही. हात चुकला असेल तर पुढच्या आठवड्यात येतो. भरला असशील तर वसंतात येतो, तोवर तुझा राग निवेल. पण कसं येऊन बसायचं ते कळल्याशिवाय येता येत नाही.’ खाली सही, आणि सहीखाली जागा उरली होती म्हणून की काय, ‘द्राक्षाच्या वेलीची छाटणी कर.’ वेलीची छाटणी मी त्याच आठवड्यात केली. उत्तर राहिलं. तो वसंत आला आणि गेला, त्यानंतर आणखी काही आले. पत्र मी शब्दकोशात ठेवलं होतं. शब्दकोश रोज हातात येतो म्हणून तिथं ठेवलं, की पत्र रोज दिसू लागल्यावर शब्दकोश हातात घेणं मी बंद केलं, हे आता नक्की सांगता येणार नाही. माझ्याबाबतीत नक्की सांगता येईल असं फार थोडं आहे.

आज सकाळी ते पत्र आठवायचं कारण झेबिनिसो. झेबिनिसो माझी सून, एर्किनची बायको. अंगणात द्राक्षाच्या वेलीखाली जो लाकडी चौथरा आहे त्यावर मी रोजच्यासारखा बसलो होतो. ऊन अजून भिंतीच्या वरच्या विटांवर होतं. दस्तरखान पसरलेलं, त्यावर कालचा नान मोडून ठेवलेला, थोडे अक्रोड. एर्किन कामावर जायच्या गडबडीत होता, नात ओयदिन आत मोठ्यानं काहीतरी पाठ करत होती. झेबिनिसोनं किटली आणली, रिवाजाप्रमाणे तीनदा चहा प्याल्यात ओतून पुन्हा किटलीत परतवला, मग डावा हात छातीवर ठेवून उजव्यानं माझा प्याला भरला. भरला म्हणजे भरलाच. निळ्या नक्षीच्या वर जी सोनेरी रेघ आहे ती बुडाली आणि चहा काठावर थरथरत उभा राहिला. तिनं तो दोन्ही हातांनी माझ्यापुढे केला. ‘घ्या बाबा,’ म्हणाली आणि स्वयंपाकघराकडे वळली.

आमच्याकडे पाहुण्याला प्याला अर्धाच देतात. जितका मान मोठा तितका चहा कमी. म्हणजे तो पुन्हा पुन्हा मागेल, पुन्हा पुन्हा ओतता येईल, बसणं लांबेल. आणि काठोकाठ भरलेल्या प्याल्याचा अर्थ दात न आलेलं पोरही जाणतं: हा प्या, आणि उठा. मी तो प्यालो. गरम होता, जीभ पोळली. दोन्ही तळवे चेहऱ्यावरून फिरवून ओमीन म्हटलं. टोपी डोक्यावर होतीच. चपला पायात सरकवल्या आणि फाटकाबाहेर पडलो. रागावलो होतो असं नाही. खरं तर मी काही ठरवलंच नव्हतं. भरलेला प्याला आला, आणि अंग उठलं, एवढंच. गल्लीत आल्यावर मला कळलं की मी माझ्याच घरातून पाहुण्यासारखा उठून आलोय.

गल्लीच्या कडेनं पाट वाहतो. शरद ऋतूत त्याचं पाणी कमी होतं आणि तुतीची पिवळी पानं त्यात अडकून राहतात. मी पाटाच्या कडेनं चालत राहिलो. सूनबाईच्या हातून चूक झाली असेल, मी स्वतःला सांगत होतो. सकाळची घाई, ओयदिनची परीक्षा. पण ते सांगत असतानाच काल संध्याकाळचं बोलणं आठवत होतं. आमच्या घराच्या भिंती पातळ आहेत. पलीकडच्या खोलीत झेबिनिसो एर्किनला म्हणत होती, ‘पोरगी मोठी झाली, तिला एक खोली नको? कुठवर ओसरीत बसून अभ्यास करायचा तिनं?’ एर्किन म्हणाला, ‘मग बाबांना कुठे ठेवू?’ पुढचं ऐकू आलं नाही, कारण मी रेडिओ लावला. वाईट बोलणं ऐकू येऊ नये म्हणून माणूस रेडिओ लावतो, आणि मग न ऐकलेलं त्याहून वाईट होऊन मनात बसतं. आयुष्यभर मी ग्रंथालयाच्या वाचनकक्षात नोकरी केली. उंच खिडक्या, हिरव्या कापडाची टेबलं, आणि कुणी बोललं तर जागेवरून उठून त्याच्याकडे नुसतं पाहायचं, हे माझं काम. लोक गप्प व्हायचे. मला वाटायचं, गप्प करणं ही साधी, निरुपद्रवी गोष्ट आहे.

आणि तरीही प्याल्याच्या बाबतीत मी अडाणी नव्हतो. उलट. आमची महिन्याची बैठक होती, तरुणपणापासूनची. एकाच शाळेतले, एकाच मोहल्ल्यातले आठ-नऊ जण, दर महिन्याला एकेकाच्या घरी पाळीपाळीनं जमायचे. पुलाव, गप्पा, कुणाचं लग्न, कुणाचं भांडण मिटवणं, कुणी तंबोरीसारखा दुतार घेऊन बसायचा. मी सगळ्यांत धाकटा आणि बोलण्यात कच्चा, म्हणून चहा ओतण्याचं काम पहिल्या दिवशी माझ्याकडे आलं ते कायमचं. ‘इनोयतच्या हातात किटली द्या, म्हणजे तो निदान इथं आहे एवढं तरी कळेल,’ हमदम म्हणायचा, आणि सगळे हसायचे, मीही. पण मला ते काम आवडत असे. कोण बोलतोय, कुणाचा प्याला रिकामा होत आलाय, कुणाला थोडा जास्त चालतो, कुणाला दोन घोटच द्यायचे, हे सगळं न पाहता कळू लागलं. डोळे बोलणाऱ्याच्या तोंडाकडे, आणि हात आपला अर्ध्यावर थांबतोय. एकदा बाहेर वीज गेली, आणि हमदमनं पैज लावली की अंधारात इनोयतचा प्याला चुकणार. वीज आली तेव्हा सगळे प्याले एकाच रेघेत, अर्धे. हमदमनं माझा हात उचलून सगळ्यांना दाखवला होता, जत्रेत पहिलवानाचा दाखवतात तसा. हा हात चुकत नाही, म्हणाला.

म्हणून तर उत्तर लिहिता आलं नाही. हात चुकला, एवढं लिहायला मी किती वेळा बसलो. पण ज्यानं तो हात उचलून दाखवला होता त्यालाच हात चुकला असं कसं लिहायचं? आणि प्याला भरला असं लिहावं, तर कधी भरला, कशासाठी, हे मला आठवत नव्हतं. आठवायचा तो फक्त भरलेला प्याला.

मुकर्रम, माझी बायको, त्या हिवाळ्यात गेली होती. रिवाजाप्रमाणे मी चोगा घालून, कमरेला पट्टा बांधून फाटकाशी उभा राहिलो. माणसं येत होती, दोन्ही हातांनी माझे हात धरत होती, आत जात होती. मोहल्ला अशा वेळी घर रिकामं पडू देत नाही. कोणी ना कोणी येतं, कढई घेऊन येतं, बसतं. पहिले चाळीस दिवस झाले, माणसं हळूहळू कमी झाली. हमदम कमी झाला नाही. तो दोन गल्ल्या पलीकडे राहायचा. रोज दुपारनंतर फाटकाची कडी वाजायची आणि त्याचा आवाज अंगणात त्याच्याआधी यायचा: ‘इनोयत, जिवंत आहेस का, की पुस्तकात मिटून ठेवलंय तुला कोणी?’ यायचा, बसायचा, बोलायचा. बाजारातले भाव, मुलाचं मार्गिलानचं नवं घर, म्हातारपणी आपल्यालाही तिकडेच जावं लागणार याचं दुःख. हसायचा. ज्या घरात हसण्याची सवय गेली होती तिथं तो मुद्दाम, धान्य पेरल्यासारखा हसायचा. मी चहा ओतत असे. कधीकधी मला वाटायचं की हा न येता तर काय झालं असतं? मुकर्रमची एक निळी ओढणी खुंटीवर तशीच होती, ती पाहत मला नुसतं बसायचं होतं. आणि एखाद्या दिवशी कडी वाजायला उशीर झाला तर मी दोनदा फाटकापर्यंत जाऊन यायचो. हे दोन्ही खरं होतं. पण पत्रात दोन्ही कसं लिहितात ते मला माहीत नव्हतं.

त्या दिवशी तो नवरोजची एक जुनी गोष्ट सांगत होता. नवरोजला मोहल्ल्यातल्या बायका मोठ्या कढईत सुमलक शिजवतात. गव्हाच्या कोंबांचा रस, पीठ, तेल. साखरेचा कण नाही, तरी ढवळून ढवळून गोड होतं. तळाला लागू नये म्हणून आत धुतलेले खडे टाकतात आणि आळीपाळीनं ढवळत राहतात, गाणी म्हणतात, एकमेकींची टिंगल करतात. पुरुषांनी तिथं थांबायचं नाही. ‘पण मी गेलो होतो,’ हमदम म्हणाला, ‘लाकडं संपली म्हणून बायकोनं मला पिटाळलं. नुकतं उजाडत होतं. मी मोळी टाकली आणि तुतीआड उभा राहिलो. म्हटलं, बघूया तरी या आपल्याबद्दल काय बोलतात. तर सगळ्या तुझ्या मुकर्रमच्या मागं लागलेल्या. ती झाऱ्या घेऊन ढवळतेय, घामानं चिंब. एक म्हणते, मुकर्रम, तुझा नवरा घरी बोलतो तरी का गं, की चिठ्ठी लिहून मीठ मागतो? दुसरी म्हणते, अगं, हिनं त्याचं नाव तरी कधी घेतलंय का? हिला ते ठाऊक आहे की नाही कोण जाणे!’

नावाचं खरं होतं. आमच्यात जुन्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत, थोरल्या मुलाच्या नावानं हाक मारतात. मुकर्रम मला एर्किन म्हणूनच हाक मारायची, आणि आम्ही बापलेक दोघंही मान वर करायचो. कोणती हाक माझी ते सुरावरून कळायचं. इतक्या वर्षांच्या संसारात तिच्या तोंडून इनोयत हा शब्द मी ऐकला नव्हता. हे मला कधी खुपलं नव्हतं. पण हमदम ती गोष्ट सांगत होता, पुढे झुकला होता, हसू दाबून धरत होता, आणि म्हणाला, ‘मग तुझ्या मुकर्रमनं झाऱ्या कढईतून बाहेर काढला, असा वर धरला, आणि काय म्हणाली ठाऊक आहे?’

आणि तो थांबला. तो माझ्या हाताकडे पाहत होता. मी पाहिलं तर त्याचा प्याला माझ्या हातात होता आणि तो काठोकाठ भरला होता. सोनेरी रेघ बुडालेली. तो मी त्याच्यापुढे धरला होता, दोन्ही हातांनी, अगदी रिवाजानं. परत घेता आला असता. हसून ‘अरे, लक्ष नव्हतं’ म्हणता आलं असतं. एखादा शब्द. मी वाचनकक्षात पाहायचो तसा नुसता पाहत राहिलो. हमदमच्या चेहऱ्यावरचं हसू लगेच गेलं नाही. पाहुणा निघून गेल्यावर दिवा थोडा वेळ लागलेला राहतो, तसं ते राहिलं. त्यानं प्याला घेतला, गरम चहा न फुंकता सावकाश प्यायला, सबंध. तळवे चेहऱ्यावरून फिरवले. ‘तुझ्या दस्तरखानाला बरकत असो,’ म्हणाला. फाटकाची कडी त्यानं इतकी हळू लावली की मला ऐकूच आली नाही. पुढच्या आठवड्यात तो मार्गिलानला गेला. जाणार होताच, पण वसंतानंतर.

पाट संपतो तिथं तोलिबचा चहाखाना आहे. माझे पाय मला तिथं घेऊन गेले, कारण या मोहल्ल्यात घरातून उठलेल्या म्हाताऱ्याला जायला दुसरी जागा नाही. तोलिब माझ्याहून बराच लहान, म्हणून मला अका, म्हणजे दादा, म्हणतो, पण जिभेनं सगळ्यांचा बाप.

‘अरे, इनोयत-अका! सूर्य कुठून उगवला आज? पुस्तकांनी सुट्टी दिली वाटतं.’

‘एक किटली दे, तोलिब.’

‘किटली देतो. पण सकाळी सकाळी घरचा चहा सोडून? सूनबाईनं हाकललं की काय?’ तो हसला. मी हसलो नाही, तेव्हा त्यानं फडक्यानं उगाच चौथरा पुसला. ‘थट्टा केली हो. बसा. कालच तुमची आठवण निघाली होती. हमदम-अकांचा मुलगा येऊन गेला इथं. जुन्या घराच्या जागेचं काही काम होतं.’

माझ्या कानाशी पाट वाहत होता. ‘कसा आहे हमदम?’

‘ऐकू येत नाही म्हणे आता. फोन दिला की दुसऱ्या कानाला लावतात, मग परत पहिल्या, मग मुलाच्या हातात देतात. आणि…’ तोलिबनं प्याला पुढे ठेवला, अर्धा, बिनचूक. ‘मुलगा म्हणत होता, गोष्टी विसरायला लागलेत. सुरुवात करतात नेहमीसारखी, धूमधडाक्यात, नातवंडं जमतात, आणि मध्येच थांबतात. पुढचं आठवत नाही. मग स्वतःच हसतात. आणि तेही हमदम-अका, सांगा! ज्यांच्या तोंडाला कुलूप लागावं म्हणून आम्ही पैसे द्यायला तयार होतो.’

मी प्याला हातात धरून बसलो. एवढी वर्षं मी एका प्रश्नाचं उत्तर शोधत होतो, आणि दुसरा प्रश्न माझा होता हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. झाऱ्या वर धरून मुकर्रम काय म्हणाली? हे जगात एकाच माणसाला माहीत होतं. तुतीआड उभ्या राहिलेल्या त्या एका माणसाला. बाकीच्या बायका? त्यातल्या बऱ्याचशा गेल्या, आणि ज्या उरल्या त्यांना एवढ्या नवरोजमधला एक नवरोज कशाला आठवेल. ते वाक्य मार्गिलानला एका बहिऱ्या म्हाताऱ्याच्या डोक्यात होतं आणि तिथंही ते किती दिवस टिकेल सांगता येत नव्हतं. कदाचित गेलंही असेल. मी डोळे मिटले. मला कढई दिसली, वाफ दिसली, मुकर्रमचा घामेजलेला चेहरा दिसला, झाऱ्या वर गेला. आणि तोंड उघडायच्या आत, दर वेळी, चहा काठाला येऊन थरथरू लागला. मला ऐकायचं नव्हतं का? ती माझ्याबद्दल काय म्हणाली असेल याची मला भीती होती का? ‘नाव ठाऊक आहे, पण घ्यावं असं त्यात काय आहे?’ असं म्हणाली असेल. किंवा नाव घेतलं असेल, मोठ्यानं, साऱ्या मोहल्ल्यादेखत, आणि त्या वेळी मी घरात पुस्तक वाचत बसलो असेन. दोन्हींतलं कुठलं अधिक सोसवलं नसतं, हेही मला ठरवता येईना.

‘बाबा!’

झेबिनिसो पाटावरच्या फळीवरून येत होती. घरातल्याच चपला, डोक्याचा रुमाल अर्धा सुटलेला, हातात माझा मफलर.

‘अहो, काय हे? सगळी गल्ली पालथी घातली. मशिदीपर्यंत जाऊन आले. फोन तुमचा उशीखाली वाजतोय आणि मी वेडी, तुमच्या उशीलाच फोन करतेय!’

‘सूनबाई न्यायला आल्या,’ तोलिब म्हणाला. ‘आता कर्णे वाजवत वरात काढू, की चालत जाताय?’

‘तोलिब-अका, तुम्ही समोवारातलं पाणी बघा, उतू जाईल,’ ती म्हणाली, आणि चौथऱ्याच्या कडेला टेकली. तिला दम लागला होता. मी खाली पाहत राहिलो. आयुष्यात मी फार थोडे प्रश्न मोठ्यानं विचारले आहेत. घसा खाकरला.

‘झेबिनिसो, सकाळी तू माझा प्याला काठोकाठ भरलास.’

‘कुठला प्याला?’ ती म्हणाली. मग तिचा हात तोंडावर गेला. ‘अगं बाई! म्हणून उठलात तुम्ही? आणि मी म्हणतेय, कालचा नान ठेवला म्हणून रुसले.’

‘हात चुकला तुझा?’

ती लगेच हो म्हणाली असती तर मी उठून तिच्याबरोबर गेलो असतो, आणि काहीच झालं नसतं. पण झेबिनिसोचा स्वभाव तसा नाही. ती रुमालाची गाठ सोडून पुन्हा बांधत राहिली.

‘खरं सांगू बाबा? मला नाही माहीत. काल एर्किनशी वाजलं. खोलीवरून. तुम्ही ऐकलंत, रेडिओ लावलात तेव्हाच मला कळलं. पण अर्धंच ऐकलंत. तो म्हणाला, बाबांना कुठे ठेवू. मी म्हटलं, बाबांना कशाला हलवतोस, मागच्या खोलीतल्या आईंच्या त्या छपरापर्यंत रचलेल्या दुलया हलव आणि तुझा तो मुका टीव्ही हलव, सबंध खोली निघते. तर म्हणे, आईच्या दुलयांना हात लावायचा नाही. मग मी काय ते बोलले. रात्रभर झोप नाही. सकाळी ओयदिन ओरडून पाठ करतेय, हा बूट सापडत नाही म्हणून ओरडतोय. आणि तुम्हाला चहा ओतताना माझ्या मनात आलं, सगळ्यांनी कुठेतरी जावं. घटकाभरच. तोही, पोरगीही, आणि… तुम्हीसुद्धा. घर रिकामं व्हावं आणि मी एकटीनं पाय पसरून एक गरम प्याला प्यावा. तेवढ्यात हात काय करत होता, मी पाहिलं नाही.’

‘म्हणजे तू भरलास.’

‘म्हणजे भरला गेला,’ ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते आणि ती चिडलीही होती. ‘आणि तुम्ही खरंच उठून गेलात! घर रिकामं झालं, चहा समोर होता, आणि मी काय केलं? चपला घालून तुम्हाला शोधत फिरले. बाबा, प्याला भरला तर भरला. तो प्यायचा, आणि म्हणायचं, झेबिनिसो, आणखी दे. भांडायचं हवं तर. त्यात इतकं काय वाचत बसायचं? तुम्ही फार वाचता, खरंच.’

तोलिब समोवारामागून खाकरला. मला हसू आलं. ते कुठून आलं कळलं नाही. छातीत कुठेतरी बराच काळ बसून असलेलं काहीतरी उठून गेल्यासारखं वाटलं. इतकी वर्षं मी हात आणि मन यांना समोरासमोर उभं करून विचारत होतो, तुमच्यापैकी कोण? आणि ही पोरगी म्हणत होती, दोघंही, आणि त्यानं काही अडत नाही. पाहुण्यानं जावं असं वाटतं आणि तो जाऊ नये असंही वाटतं. हात बिचारा एकच असतो.

‘दे,’ मी म्हटलं, ‘इथलाच दे आणखी थोडा.’

तिनं किटली उचलली, एक हात छातीवर ठेवला. प्याला किती भरला होता ते मी पाहिलं नाही. वर बघत प्यायलो. तुतीच्या फांद्यांतून आभाळ दिसत होतं.

घरी आल्यावर मी तिला म्हटलं की दुलया ओयदिनच्या खोलीत नकोत, माझ्या खोलीत रचा. मला उशाशी चालतील. एर्किनशी मी बोलेन. ती म्हणाली, ‘तुम्ही? बोलणार?’ मग आत गेली आणि मला भांड्यांचा नेहमीपेक्षा मोठा आवाज ऐकू आला, जो तिच्या आनंदाचा असतो. मी शब्दकोश काढला. पत्र घड्यांवर फाटत आलं होतं. चौथऱ्यावर बसून, ऊन दस्तरखानावर उतरेपर्यंत, मी लिहिलं. आधी एक लांबलचक पान लिहिलं, ज्यात मुकर्रमचं आजारपण होतं आणि ओढणी होती आणि क्षमा होती. ते वाचलं. चांगलं लिहिलं होतं. इतकं चांगलं की हमदमला ते कुणा पुस्तकातून उतरवलंय असं वाटलं असतं. ते घडी घालून ठेवलं आणि दुसऱ्या कागदावर लिहिलं:

‘हमदम, वेलीची छाटणी केली. उत्तराला उशीर झाला. हात चुकला की मी प्याला भरला, हे मला माहीत नाही. माहीत झालं की लिहावं म्हणून थांबलो होतो. आता ते माहीत होईलसं वाटत नाही. कसं येऊन बसायचं ते कळल्याशिवाय येता येत नाही, हे तुझं खरं आहे. म्हणून मीच येतो, न कळता. एर्किनला सांगून पुढच्या शुक्रवारच्या गाडीचं तिकीट काढतोय. चहा तू ओत. काठोकाठ भरलास तरी मी उठणार नाही. मुकर्रमनं झाऱ्या वर धरला, तिथपर्यंत तू आला होतास. पुढचं सांग. विसरला असशील तर पहिल्यापासून सांग, आणि जिथं अडशील तिथं आपण दोघं अडून बसू.’

टपाल कचेरीत खिडकीमागची मुलगी ओयदिनहून थोडीच मोठी असेल. तिनं पाकिटावरचा पत्ता वाचला आणि माझ्याकडे पाहिलं.

‘आजोबा, मार्गिलान? फोन करा ना, आत्ता बोलणं होईल.’

‘त्याला ऐकू येत नाही.’

‘मग व्हिडिओ. चेहरा तरी दिसेल.’

‘दिसायला तो काही फार चांगला नाही,’ मी म्हटलं, आणि स्वतःच दचकलो. ती मोकळेपणी हसली, तिकीट चिकटवून पाकीट परत दिलं. ‘पेटी बाहेर, दाराशी.’

बाहेर ऊन चांगलं तापलं होतं. पेटीचा पत्रा कोमट होता. मी पाकीट तिच्या तोंडात सरकवलं, अर्धं आत, अर्धं बाहेर, आणि तसाच उभा राहिलो. मागे कोणीतरी वाट पाहत होतं. या खेपेला मी हाताकडे नीट पाहत होतो. म्हातारा हात. मग मी बोटं सोडली.